मुरलेली की नुसतीच जुनी?

"वाईन काय राव, जितकी जुनी तितकी भारी!"

हे वाक्य पुण्यात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. वाक्य संपतं आणि बोट शोकेसकडे जातं. तिथे गणपती, कंपनीने दिलेली काचेची ट्रॉफी आणि त्यांच्या मधोमध उभी असलेली एक इटालियन रेड. ऑनसाइटहून परतताना विमानतळावर घेतलेली. बारोलो, नाहीतर अमारोने. "फुल बॉडी आहे, वीस वर्षं हलत नाही. पोराच्या लग्नात उघडणार." पोरगा सध्या सीनिअर केजीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांनी इथूनच बाह्या सरसावाव्यात. ती बाटली मुरत नाहीये, बिघडतेय. बिघडतेय हे कळायला ती उघडावी लागेल, आणि मालक ती उघडणार नाही, कारण त्याला वाईन प्यायचीच नाहीये. त्याला 'जुनी वाईन बाळगणारा माणूस' व्हायचंय. आणि या हौसेच्या पोटात एक मोठं ढोंग आहे. त्याचा हिशोब मला एक वर्धेकर म्हणून मागायचाय.

हो, मी वर्ध्याचा. दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस वाईनवर लिहिणार म्हणजे बेडकाने वाळवंटावर लिहिण्यासारखं वगैरे विनोद करून घ्या, मी थांबतो. झालं? तर मुद्दा असा की वर्ध्याकडे दोन गोष्टी आहेत: 1970 च्या दशकापासून चालत आलेली दारूबंदी आणि मे महिन्यातलं 45-46 अंशांचं ऊन. वाईनच्या पुस्तकांत या दोन्हींवर प्रकरण नसतं. पण 'जुनी वाईन' या फुग्यातली हवा काढायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत. आधी ऊन घेऊ, दारूबंदी नंतर.

आणि उन्हाच्याही आधी एक शब्द. इंग्रजीत वाईनचं 'एजिंग' होतं, म्हणजे वय वाढतं. वय काय, सगळ्यांचंच वाढतं. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. आणि मुरण्याच्या उलट काय होतं यालाही आपल्याकडे शब्दांची ददात नाही. शिळं होणं, आंबणं, खवट होणं, विटणं. दोन्हीकडे वेळ तेवढाच जातो. मग एक गोष्ट मुरते आणि दुसरी विटते, हे ठरवतं कोण?

कुठल्याही आजीला विचारा. कैरीचं लोणचं वर्षभर टिकतं, कारण कैरी करकरीत आंबट असते, मीठ मापाचं असतं आणि वर तेलाचा थर असतो. बरणी चिनी मातीची, तोंडाला दादरा बांधलेला, आणि जागा घरातली सगळ्यात थंड, अंधारी, कोरडी. ओला चमचा घातला तर पाठीत धपाटा. त्याच कैरीचा तक्कू केला तर तो चार दिवसांत संपवायचा. तक्कू वाईट असतो का? मुळीच नाही. तो मुरवण्यासाठी केलेलाच नसतो, एवढंच. म्हणजे मुरायला तीन गोष्टी लागतात: मुरण्याजोगा माल, नीट बरणी आणि थंड जागा. तिन्हींपैकी एक नसली तरी खेळ संपला. 'जितकी जुनी तितकी भारी' म्हणणारे यातलं काहीच बघत नाहीत, फक्त कॅलेंडर बघतात.

आता माल बघू. पहिला घोटाळा 'फुल बॉडी' या शब्दाचा. फुल बॉडी म्हणजे तोंडात भरलेली, जड लागणारी. पाणी आणि सायीचं दूध यात जसा फरक तसा. हा जडपणा मुख्यतः अल्कोहोलमुळे आणि द्राक्षातून उतरलेल्या अर्कामुळे येतो. पण टिकाऊपणा वेगळ्या गोष्टींवर ठरतो: तुरटपणा म्हणजे टॅनिन, आंबटपणा, आणि या दोन्हींना पुरून उरेल इतकं फळ. टॅनिन काय ते कळायला इटलीला जायला नको. बिनदुधाचा काळा चहा जास्त उकळून प्या, किंवा हिरडा चघळा. जीभ आणि हिरड्या आवळून येतात ना, ते टॅनिन. जड असणं आणि टिकाऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लठ्ठ माणूस दीर्घायुषी असतोच असं नाही, तसंच हे.

बारोलो हे याचं उत्तम उदाहरण. इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते प्रांतात, नेब्बियोलो या एकाच द्राक्षापासून ती करतात. द्राक्ष उशिरा पिकतं, साधारण ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुकं उतरायला लागतं तेव्हा. ग्लासात ओतली तर बारोलो चक्क फिकट दिसते, आरपार. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही कसली फुल बॉडी? आणि घोट घेतला की टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही मिळून तोंडाचा ताबा घेतात. या फिकट दिसणाऱ्या वाईनमध्ये पुष्कळ वर्षं मुरायची ताकद असते. याउलट व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लाची अमारोने. तिथे द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने मोकळ्या हवेत सुकवतात, जवळजवळ मनुका होण्याच्या वाटेवर नेतात. वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच घटतं, साखर दाट होते, आणि मग जी वाईन होते ती 15-16 टक्के अल्कोहोलची, गडद, घट्ट. ती पहिल्या दिवसापासून भारदस्त लागते. तीही चांगल्या हातची असेल तर टिकते, पण तिचा भारदस्तपणा वयातून आलेला नसतो, सुकवण्यातून आलेला असतो. आणि तोस्कानाची ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो, शंभर टक्के सांजोवेझे, ही तिसरीच तऱ्हा: आंबटपणाच्या कण्यावर उभी राहणारी.

आणखी एक गोष्ट, जी शोकेसवाल्यांना सहसा ठाऊक नसते. या वाईनचं बरंचसं मुरणं त्या बाजारात यायच्या आधीच झालेलं असतं. कायद्यानेच. बारोलो किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' असेल तर 62 महिने. ब्रुनेल्लो तर द्राक्षं तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीला दुकानात येते. म्हणजे तुम्ही ती विमानतळावर उचललीत तेव्हा ती बाळ नव्हती, चांगली शाळेत जाणारी होती. बनवणाऱ्याने त्याच्या तळघरात, त्याच्या खर्चाने, जेवढं करायचं तेवढं केलं आणि मग तुमच्या हातात दिली.

आता यापुढे बाटलीत नेमकं होतं काय? तुरट रेणू एकमेकांना आणि रंगाच्या रेणूंना चिकटत जातात, मोठे होतात, आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुन्या रेडच्या तळाला गाळ असतो आणि तुरटपणा मऊ झालेला असतो. रंग जांभळट-लालवरून विटेच्या रंगाकडे जातो. ताज्या चेरीचा वास मागे पडतो आणि सुकलेली फुलं, चामडं, तंबाखू असले वास पुढे येतात. हे सगळं बुचातून आणि बाटलीतल्या रिकाम्या जागेतून मिळणाऱ्या नखभर प्राणवायूच्या जोरावर, अत्यंत सावकाश. सावकाश हा इथला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. म्हणून बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहायला हवं. म्हणून अंधार. आणि म्हणून 12-14 अंश तापमान, वर्षभर, फारसं न हलणारं.

आणि इथे वर्धा येतं.

स्लॅबच्या घरात मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावा, ती गरम लागते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत असतो आणि "आज जरा कमी आहे बाप्पा" असं म्हणण्याचा दिवस म्हणजे 42. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम शाळेत शिकलेला आठवत असेल: तापमान 10 अंश वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट. 14 वरून 44 वर जा, तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट. यावर एक आशावादी मित्र म्हणाला, "मग उत्तमच की! वीस वर्षांचं काम अडीच वर्षांत." शुद्ध मॅनेजरी गणित. नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल देतील, त्यातला प्रकार :-) सगळ्या अभिक्रिया सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. उष्णतेत ज्या नको त्याच पुढे पळतात. फळाचा ताजेपणा जातो, शिजवलेल्या जांभळासारखा, जॅमसारखा वास येतो, रंग तपकिरी पडतो. शिवाय द्रव प्रसरण पावतो आणि बूच वर ढकलतो, रात्री गार झालं की आकसतो आणि हवा आत ओढतो. रोज. तुमची बाटली उन्हाळाभर श्वास घेत असते, आणि वाईनला श्वास घ्यायला लावणं म्हणजे तिचं आयुष्य खर्च करणं. तिला मुरवायचं नसून भाजायचं असेल तर वर्ध्याइतकी सोय कुठे नाही.

पुणेकर इथे हसतील. हसू नका. एप्रिलमध्ये पुण्यातला पारा 38-40 ला जातो, आणि तुमचं पश्चिमेकडच्या खिडकीचं, दिवसभर कुलूप लावलेलं, सातव्या मजल्यावरचं टूबीएचके दुपारी तीनला काय असतं ते तुम्हाला माहीतच नाही, कारण तेव्हा तुम्ही ऑफिसच्या एसीत असता. त्यात शोकेसमध्ये बाटली उभी. वर फोकस लाइट. बूच सुकलेलं. वर्धा आणि पुणे यात फरक फक्त किती दिवसांत बिघडणार याचा. बिघडणार का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच उत्तराचा आहे.

फ्रिज? फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, कोरडा असतो, दिवसातून चाळीसदा उघडतो आणि शेजारी कालची भाजी असते. काही महिने ठीक. वीस वर्षं? फ्रिज तरी टिकतो का तेवढा?

एक सन्माननीय अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी जाणकार मला गाठेल. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाईन. जहाजांच्या पोटात, उष्ण कटिबंधातून हेलकावे खात, भारतापर्यंत जाऊन परत आलेली पिंपं जास्त चवदार लागतात असं तिथल्या व्यापाऱ्यांना आढळलं. अशा जाऊन-येऊन आलेल्या वाईनला वेगळा मान होता. पुढे जहाजाचा खर्च वाचवायला ते बेटावरच वाईन मुद्दाम तापवायला लागले. पण मदेरात वरून अल्कोहोल घातलेलं असतं, आंबटपणा दांडगा असतो, आणि 'भाजलेली चव' हाच तिचा हेतू असतो. तुमची बारोलो मदेरा होणार नाही. फार तर वाईट मदेरा होईल.

"पण आपल्या मातीतली वाईन तर आपलं हवामान सोसेल ना?" हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर अकलूजला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वाइनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन जोड्या, आणि वाईन करणारे तोस्कानाचे पिएरो मासी. सहा आणि एक सात, म्हणून त्यांच्या वरच्या दर्जाच्या रेडचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों यांचं मिश्रण. म्हणजे ब्रुनेल्लोचं द्राक्ष उसाच्या पट्ट्यात! मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण त्यालाही बारोलोचं घड्याळ लावू नका. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्षं पिकतात तेव्हा हवा थंड होत जाते, आपल्याकडे ती तापत जाते. तापत्या हवेत साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा हा तर टिकण्याचा कणा. चांगले उत्पादक लवकर तोडणी, रात्रीची तोडणी, थंड टाक्या असं बरंच करून तो वाचवतात. पण वाइनरीच्या फाटकाबाहेर पडल्यावर पुढे आहे तो टेम्पो, गोदाम आणि रस्त्याच्या कडेचं दुकान, जिथे काउंटरवरच्या पंख्याची हवा फक्त गल्लेवाल्याला लागते. तिथे तीन उन्हाळे काढलेली बाटली तुम्ही "जुनी आहे" म्हणून कौतुकाने उचलता, तेव्हा बनवणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी पडलेलं असतं. आपल्या वाईनला तिच्या ताजेपणात प्या आणि तशीच जोखा. तक्कूला लोणच्याचे निकष लावले तर तक्कू नापासच होणार.

इथपर्यंत बहुतेक जण माना डोलावतील. आता दुसरा भाग, ज्यावर मेल येतील.

जर शास्त्र इतकं सरळ आहे, तर ही बाटली शोकेसमध्ये का असते? व्हिस्की कपाटात असते, बिअर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पिशवीत गुंडाळून असते, आईबाबा गावाहून येणार असले की दोन्ही हलतात. इटालियन रेड मात्र गणपतीशेजारी उभी! कारण ती 'दारू नाही'. ती संस्कृती आहे, ती ट्रॅव्हल आहे, ती टेस्ट आहे. आणि 'जुनी' म्हटलं की तिच्यावर सोवळ्याचं पाणी शिंपडल्यासारखं होतं. मुरणाऱ्या वस्तूकडे बघून कुणी तुम्हाला पिणारा म्हणत नाही, दर्दी म्हणतं.

27 जानेवारी 2022 ला राज्याच्या मंत्रिमंडळाने 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं. दारूबंदीचे जिल्हे वगळून. कारण दिलं शेतकऱ्यांचं. तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य जाहीरपणे, गंभीर चेहऱ्याने बोललं गेलं. विरोध झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. निर्णय बरोबर की चूक यावर वेगळं भांडू. आज फक्त त्या वाक्यावर. अमारोनेच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीत 15 टक्क्यांनी 112 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्के, म्हणजे 60 च्या लार्ज पेगमध्ये साधारण 26. एक बाटली म्हणजे चार लार्ज आणि वर थोडी. यकृताला लेबल वाचता येत नाही. त्याला तोस्काना आणि ताडी एकच. आणि शेतकऱ्यांचं म्हणाल, तर नाशिकच्या बहुसंख्य बागा खायच्या द्राक्षाच्या आहेत, वाईनच्या द्राक्षाचा वाटा लहान. वर्ध्याच्या कापूस-सोयाबीन-तूरवाल्याचा तर त्यात संबंधच नाही.

आता वर्ध्याची गोष्ट. 1936 मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. 1938 पासून धाम नदीकाठी पवनारला विनोबा. त्या वारशापोटी हा जिल्हा कोरडा जाहीर झाला. प्रत्यक्षात किती कोरडा आहे हे वर्ध्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नागपूर, यवतमाळ, अमरावती, तिन्हीकडून माल येतो, आणि मोहाची हातभट्टी तर घरचीच. बंदी गळकी आहे, यात वाद नाही. शेजारच्या चंद्रपुरात 2015 साली बंदी लागली आणि 2021 मध्ये ती उठलीही. बंदी असावी की उठावी यावर प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना आहेत. पण बंदी मागणाऱ्यांत सगळ्यात पुढे गावोगावच्या बायका असतात, आणि त्यांचं म्हणणं सोपं असतं: मजुरी घरी येत नाही आणि आलेला माणूस मारतो. त्यांनी कधी 'देशी की इटालियन' असा प्रश्न विचारलेला नाही.

मला खटकतं ते हे. हिंगणघाटचा हमाल खिशात पव्वा घेऊन सापडला की 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा. आणि आपण? त्याच कायद्याप्रमाणे बाकीच्या महाराष्ट्रातही दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तोही 'आरोग्य टिकवण्यासाठी' म्हणून दिलेला. हात वर करा, कितीजणांनी काढलाय? मी काउंटरवर बाटली घेतो तेव्हा मला कुणी विचारत नाही. तो पिऊन पडला तर बेवडा, आपण पिऊन पडलो तर "वाईन जरा चढली". तो वीस रुपयांच्या मोहात तारीख बघत नाही, आपण पाच हजारांच्या बाटलीवरचं साल मोठ्याने वाचून दाखवतो. तेवढ्या एका आकड्याने आपण त्याच्यापासून वेगळे होतो, असा आपला समज. जुन्या वाईनचा सगळा मान त्या आकड्यात आहे. म्हणूनच ती उघडायची नसते. उघडली तर कळेल की आत विटलेलं द्राक्षपाणी आहे आणि आकडा खोटा पडेल.

मी प्रवचन देत नाहीये. मी स्वतः पितो, पुण्यात पितो आणि त्याला दारू म्हणतो. एवढंच मागणं आहे. दारूला दारू म्हणा. मग ती चांगली दारू असो, कष्टाने केलेली असो, पिएमोन्तेच्या धुक्यातली असो. नाव खरं घेतलं तरी तिची चव कमी होत नाही. उलट खरं नाव घेतलं की तिच्याकडे खरं बघता येतं: ही तुरट आहे का, आंबट आहे का, आज प्यायची का दोन वर्षांनी, माझ्याकडे ठेवायला जागा आहे का.

आक्षेप येतील, त्यांची उत्तरं इथेच देऊन ठेवतो. "माझ्याकडे वाईनचा वेगळा फ्रिज आहे, 14 अंश, इन्व्हर्टरवर." उत्तम, मग माल बघा. चांगल्या वर्षाची, चांगल्या हातची बारोलो किंवा ब्रुनेल्लो असेल तर जरूर ठेवा. तुम्ही या लेखाचे आरोपी नाही. "माझी दहा वर्षांची बाटली शोकेसमधूनच काढली आणि मस्त लागली!" लागली असेल. पण ती दहा वर्षांपूर्वी कशी लागली असती याच्याशी तुलना केलीत का? बेसलाइनशिवाय बेंचमार्क काढणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो? यापुढे दोन घ्या, एक लगेच उघडा, एक ठेवा. मग बोलू. "आठवण म्हणून ठेवलीय." मग प्रश्नच मिटला. आठवणीला चव लागत नाही. पण मग तिला गुंतवणूक म्हणू नका आणि पाहुण्यांना वीस वर्षांचं गणित सांगू नका.

आणि ज्यांच्याकडे अशी बाटली आत्ता आहे त्यांच्यासाठी फुकटचा सल्ला. या महिन्यात उघडा. 'रूम टेंपरेचर'ला प्यायची असं ऐकलं असेल, पण ती रूम युरोपातली, दगडी भिंतींची, 16-18 अंशांची. आपल्या खोलीतली असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कुणी हसलं तरी. गाळ असेल तर हळू ओता. आणि सावजी मटणाबरोबर नको. तिखटाला टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतात, सावजी आणि बारोलो दोघांचाही अपमान होतो. साधं भाजलेलं मटण, जुनं चीज, नाहीतर नुसती चार माणसं पुरतात. आणि एकदम सगळी संपवू नका, वर हिशोब दिलाय.

उघडल्यावर चांगली निघाली तर आनंद आहे. बिघडलेली निघाली तरी एक फायदा आहे: यापुढे तुम्ही कॅलेंडरला चव समजणार नाही.

वर्ध्याला जाताना मात्र बॅगेत बाटली नको. कायदा आहे, आणि तो पटत नसेल तर तो बदलायला भांडा, चोरून मोडू नका. रिकाम्या हाताने जा आणि येताना गोरस भंडारचा गोरसपाक घेऊन या. तोही शोकेसमध्ये ठेवू नका. तो मुरत नाही.